फेर, वेणी आणि तारीख: महिला बराकीतल्या प्रकल्पाच्या नोंदी

काम दुहेरी आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कारागृहाच्या महिला विभागात नृत्याची सत्रं घ्यायची, आणि कोल्हापुरी चपलेच्या समूह विकास (क्लस्टर) आराखड्यात, म्हणजे एका भागातल्या एकाच धंद्याच्या कारागिरांना सामाईक सोयी देणाऱ्या सरकारी योजनेत, सुटून आलेल्या बायकांसाठी जागा मागायची. कारागृहाचं आणि आतल्या कुणाचंही नाव या वहीत येणार नाही.

२४ जून २०२५

परवानगीचं पत्र आलं. आठवड्यातून एकदा, सकाळी नाश्ता उरकल्यावर, महिला विभागाच्या मागच्या अंगणात दीड तास. मोबाइल नाही, स्पीकर नाही, घुंगरू नाहीत. लेझीम मागितली होती, पण तिच्यात लोखंड असतं म्हणून तीही नाही. उरल्या टाळ्या, गळे आणि पाय. फेर धरायला एवढं पुरतं.

बाहेर दोन दिवस एकच विषय चालू आहे. मिलानमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या कार्यक्रमात कोल्हापुरीच्या घाटाच्या चपला घालून मॉडेल चालले आणि कोल्हापूरचं नाव कुणी घेतलं नाही. कोल्हापूरच्या चप्पल लाइन बाजारातला राग रास्त आहे. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे या एका नावाखाली आले. नाव कायद्याने राखलं गेलं, हे मोठं काम झालं. मात्र घरात बसून चपलेच्या पट्ट्याची वेणी घालणाऱ्या बाईपर्यंत त्या नावाचा पैसा किती पोचतो, हा प्रश्न मिलानच्या आधीपासून आपल्याच गल्लीत पडून आहे.

आमचे एक सहकारी समूह विकासाचे अहवाल लिहितात. चपलेच्या धंद्याची स्थिती आणि अडचणी तपासणारा ‘निदान अभ्यास’ त्यांनी नुकताच हाती घेतलाय. दोन्ही कामं शेजारी शेजारी ठेवायचं आमचं ठरलं, त्याचं कारण पहिल्याच पानावर लिहून ठेवते. तुरुंगात नाच शिकवणारे आणि तुरुंगात शिवण शिकवणारे, दोघंही फाटकापर्यंतच येतात. बाई सुटते तेव्हा हातात कपड्यांची पिशवी असते, पुढचा पत्ता नसतो. तिला धंद्यात जागा हवी, आणि त्या जागेवर चार माणसांत उभं राहता येईल इतकं अंग मोकळं हवं. यातलं एकच मिळालं तर बाई टिकत नाही.

१ जुलै

पहिलं सत्र. “बसून घ्या” म्हटलं तर सगळ्या जोडीजोडीनं, एकीमागे एक, उकिडव्या बसल्या. रोज गिनतीला बसतात तशाच. कुणी सांगितलं नव्हतं. अंगात मुरलंय.

गोल करून उभं राहायला वेळ लागला. गोलात मागचं-पुढचं कुणी नसतं, समोरची सरळ दिसते आणि आपणही तिला दिसतो. नजरा जमिनीवर. कोपरं बरगड्यांना चिकटलेली. पावलं आखूड, कारण अंगण आखूड आणि त्यातही कुणाच्या वाटेत यायचं नाही ही सवय. तरुण मुलींचीही पाठ पुढे झुकलेली. रात्री बराकीत कुशीवर वळायला जागा नसते, हे एका मावशीनं हसत हसत सांगितलं.

आज फक्त चालणं घेतलं. अंगणभर, जिला जसं हवं तसं. मग चालता चालता थांबायचं आणि जी समोर येईल तिच्याकडे बघायचं. ताल देताना मी “एक, दोन, तीन, चार” म्हटलं नाही. आकडे इथे दिवसातून अनेकदा ऐकू येतात आणि ते मोजण्यासाठीच असतात. टाळी आणि “हं” एवढ्यावर ताल धरला. यापुढेही सत्रात आकडे नकोत.

एका बाईचं तीन-साडेतीन वर्षांचं पोर मधेच पळत आलं आणि गोलात नाचू लागलं. सहा वर्षांपर्यंतचं मूल आईजवळ राहू शकतं. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये अशा मुलांच्या खाण्यापिण्याचे, खेळाचे, शिक्षणाचे दंडक घालून दिले आहेत. ते पोर नाचलं तेव्हा बायका पहिल्यांदा मान वर करून हसल्या.

८ जुलै

आरशाचा खेळ घेतला. एकीनं हात हलवायचा, समोरचीनं तसाच. मेरियन चेस यांनी १९४२ पासून वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ मनोरुग्णालयात बंद वॉर्डांतल्या रुग्णांबरोबर हेच केलं. आधी रुग्णाची हालचाल आपल्या अंगात घ्यायची, मग हळूहळू ती रुंदावत न्यायची. नृत्योपचार या शाखेचा पाया तिथे पडला. आपल्याकडे कोलकात्याच्या ‘संवेद’ संस्थेने तस्करीतून सुटका झालेल्या मुलींच्या निवारागृहांत ही पद्धत रुजवली, आणि मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेबरोबर तिचा पदविका अभ्यासक्रमही उभा केला.

आज एक मुलगी पूर्ण वेळ भिंतीला टेकून उभी होती. तिला कुणीही ओढून आणू नये, असं सगळ्यांना सांगितलं. इथे जबरदस्तीच्या गोष्टी पुष्कळ आहेत. नाच त्यांत नको.

१६ जुलै

प्राडाची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटून गेली. त्या निमित्ताने सहकाऱ्यांबरोबर धोरणाची उजळणी केली, ती इथे नीट मांडते. पुढचा सगळा झगडा याच कागदांशी आहे.

एकाच धंद्यातली माणसं एका गावात गोळा झाली की कसब हवेत पसरतं, असं आल्फ्रेड मार्शल या अर्थशास्त्रज्ञाने १८९० मध्ये म्हटलं. आपल्या भागाला हे सांगायला नको. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला आणि गाव मागांचं झालं. शिरोलीच्या ओतकामाच्या भट्ट्या तशाच, हुपरीची चांदी तशीच. सरकारने या गोष्टीला योजनेचं रूप उशिरा दिलं. आज सूक्ष्म व लघुउद्योगांसाठी केंद्राची समूह विकास योजना आहे. तिच्यात सगळ्यांना मिळून वापरता येईल असं सामाईक सुविधा केंद्र उभारायला अनुदान मिळतं. पारंपरिक कारागिरांसाठी २००५ पासून ‘स्फूर्ती’ आहे. तिच्यात पाचशेपर्यंत कारागिरांच्या समूहाला अडीच कोटी आणि त्याहून मोठ्याला पाच कोटी, अशी कमाल मर्यादा होती. राज्याचीही स्वतःची समूह योजना आहे.

चपलेच्या धंद्याला सामाईक केंद्र खरोखर हवंय. २०१५ नंतर बैलाचं कातडं दुर्मीळ झालं. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं अस्सल कातडं एकट्या कारागिराला परवडत नाही. कच्च्या मालाची पेढी, कापणीचं यंत्र, तपासणीची सोय एकत्र झाली तर फरक पडेल. याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

माझं म्हणणं वेगळ्या जागी आहे. या योजनांचं मोजमाप घटकांत चालतं. किती घटक, किती उलाढाल, किती निर्यात. जिचा घटक नाही, नोंदणी नाही, जी गेली काही वर्षं गावातच नव्हती, ती निदान अभ्यासाच्या तक्त्यात कुठेच बसत नाही. अनुदानाचे दोन भाग असतात: इमारत आणि यंत्रं एकीकडे, प्रशिक्षण आणि माणसांची जुळणी दुसरीकडे. दुसरा भाग लहान असतो आणि अहवालात शेवटी उरकला जातो. आपली मागणी त्याच भागात घुसवायची आहे.

२९ जुलै, नागपंचमी

आज मी काही ठरवून नेलंच नव्हतं. आत गेले तर बायकांनी आधीच अंगण झाडून ठेवलेलं. “ताई, आज पंचमी हाय. फेर धरायचा.”

गाणी त्यांची, पाय त्यांचे. मिरजेकडच्या बायकांचा ठेका वेगळा, जतकडच्यांचा वेगळा, सीमेपलीकडच्या दोघींचा कानडी. पहिल्या दोन गाण्यांत ठेक्यावरून भांडणं झाली आणि मग एक आजी मधे उभी राहिली. तिनं टाळीचा जो ताल धरला, तोच सगळ्यांचा झाला. या आजी बराकीत कुणाशी बोलत नाहीत, असं मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं.

मग फुगडी. आणि फुगडीत जे दिसलं ते लिहायलाच हवं. फुगडीला समोरचीचे हात घट्ट धरावे लागतात, अंग मागे टाकावं लागतं; तिनं सोडलं तर आपण पडतो. जोड्या लागू लागल्या आणि कोण कुणाचे हात धरत नाही ते लख्ख दिसलं. चोरीच्या आरोपातल्या पारधी मुलीसमोर कुणी उभं राहीना. बराकीतही तिची पथारी दाराजवळ, संडासाच्या बाजूला. गुन्हा कुठलाही असो, जात भिंतीच्या आत सगळ्यांच्या बरोबर येते.

मी तिच्यासमोर जाणार होते. त्याआधी त्या आजीच गेल्या. गुडघे दुखतात म्हणून उभ्या फुगडीऐवजी बसफुगडी घातली. दोघी धापा टाकेपर्यंत. बाकीच्या बघत राहिल्या. यानं जात गेली असं मी म्हणणार नाही. पुढच्या वेळी त्या मुलीसमोर कोण उभं राहतं, ते पाहायचं.

१२ ऑगस्ट

वेणीचं प्रशिक्षण सुरू झालं. कोल्हापुरातल्या सुभाषनगरच्या एक मावशी शिकवायला येतात. जन्म याच कामात गेलेला. आरी, रापी, हातोडा आत न्यायला मनाई, ते योग्यही आहे. त्यामुळे कातड्याच्या कापलेल्या वाद्या मोजून आत न्यायच्या, वेणी घालून घ्यायच्या आणि मोजून बाहेर आणायच्या. चपलेच्या पट्ट्यावरचं हे नाजूक काम बाहेरही बहुतेक बायकाच करतात.

पाटीत वाद्या पाहिल्या आणि चार-पाच जणी उठून गेल्या. “चामड्याला आमी हात लावत न्हाई.” मावशींनी ऐकलं. आवाज न चढवता म्हणाल्या, “पायात घालता न्हवं? मग हातात धरा. माझ्या सासूनं हेच करून सहा पोरं वाढवली.” एक जण परत आली, बाकीच्या नाही. सक्ती नाही, हा नियम इथेही.

शिकणाऱ्यांपैकी बऱ्याच जणी कच्च्या कैदी आहेत. देशभरात दर चार कैद्यांपैकी तीन कच्चेच, म्हणजे खटला अजून निकालात न निघालेले. त्यांना कामाला लावता येत नाही. स्वतःहून आल्या तरच. पण काम नसलेला कच्च्या कैद्याचा दिवस फार लांब असतो. तो फक्त तारखेवर टांगलेला असतो. वेणी घालताना निदान बोटं तरी पुढे सरकतात, असं त्यांतलीच एक म्हणाली.

१८ ऑगस्ट

आज सत्राचा वार नव्हता, कागदपत्रांसाठी गेले होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचं काम आजपासून सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी. काल उद्घाटन झालं, ते आत सगळ्यांना ठाऊक. जामिनाचा अर्ज उच्च न्यायालयात गेला की घरच्यांना मुंबई गाठावी लागायची. एसटीचं भाडं, रात्रीचा मुक्काम, वकिलाची फी. घरच्यांचा पाय मागे यायचा, मग तुरुंगात भेटीलाही येणं बंद व्हायचं. “आता माझा भाऊ सकाळी येऊन संध्याकाळी घरी जाईल,” असं एक जण मला तिसऱ्यांदा सांगत होती.

३१ ऑगस्ट, सोलापूर

आज विमुक्त दिन. १९५२ मध्ये याच तारखेला गुन्हेगार जमाती कायद्याचा जाच संपला. १८७१ चा तो कायदा. जन्माला आला म्हणून माणूस गुन्हेगार. सोलापूरच्या सेटलमेंटचा भाग पाहायला मुद्दाम आले. तारेच्या कुंपणाआड कुटुंबंच्या कुटुंबं ठेवली होती, दिवसाची हजेरी, बाहेर पडायला पास. आणि त्यांना कामाला कुठे धाडत? सोलापूरच्या गिरण्यांत.

आपल्या प्रकल्पातल्या सगळ्यांनी ही गोष्ट समोर ठेवली पाहिजे. बंदिस्त माणसं आणि वाढता उद्योग यांची सांगड या भागात एकदा घातली गेली आहे, आणि ती कुंपणाच्या तारेनं घातली होती. सुधारणेच्या नावाखाली. सोलापूरची चादर मला अतिशय प्रिय आहे, माझ्या घरात पिढ्यांपासून आहे. त्या गावच्या कापडधंद्याच्या इतिहासात हे पानही आहे.

याच्या उलट बाजूची उदाहरणंही इथलीच. शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात हजेरीची पद्धत १९१८ मध्ये बंद केली. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या मदतीने लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली, आणि रात्रीच्या पहाऱ्याला शिक्षा भोगून आलेली माणसं नेमली. त्याच औंध संस्थानात पुढे आटपाडीजवळ स्वतंत्रपूर उभं राहिलं. भिंतीविना वसाहत, कैदी आपल्या कुटुंबासह शेती करून राहणार. मॉरिस फ्रिडमन नावाचा पोलिश इंजिनिअर त्या कल्पनेत राजाबरोबर होता. सूर्यनमस्काराचा शाळाशाळांतून प्रसार करणारा राजाही हाच. शरीर, श्रम आणि विश्वास यांचा एकत्र विचार करणारा माणूस आपल्याच टापूत होऊन गेला. आराखड्याला परदेशी दाखले जोडायची गरज नाही.

९ सप्टेंबर

चपलेच्या व्यापाऱ्यांची बैठक. आपली कल्पना बऱ्याच जणांना आवडली, पण एकाने विचारलं, “मग आतच माल का बनवत नाही? मजुरी कमी पडेल.”

नाही. याच्यावर तडजोड करायची नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलंय. कैद्यांच्या श्रमाला न्याय्य मोबदला मिळालाच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये स्पष्ट केलं आहे. आत केलेली वेणी विकली जाईल तेव्हा बाहेरच्या बाईला मिळतो तोच दर. बाहेरचा दर आधीच तुटपुंजा आहे. आतल्या स्वस्त हातांनी तो आणखी पाडला तर सुभाषनगरातल्या मावशींच्याच पोटावर पाय येईल. आतली आणि बाहेरची बाई एकमेकींसमोर उभी करणारी योजना आम्ही लिहिणार नाही.

१६ सप्टेंबर

भिंतीला टेकणारी मुलगी आज फेरात आली. पारधी मुलीच्या शेजारी उभी राहिली.

३० सप्टेंबर

हस्त लागला, हादगा सुरू. पाटावर खडूने हत्ती काढला, कागदाची फुलं. खिरापत ओळखायचा खेळ कँटीनच्या बिस्किटांवर भागवला, आणि ओळखायला एवढा वेळ लावला की शिपाई मॅडमही अंदाज करायला बसल्या. फेर धरताना सासर-माहेरची गाणी आली आणि तीन-चार जणी रडल्या. थांबवलं नाही. गाणं चालू ठेवून दोघींनी त्यांना मधे घेतलं.

दोन तारखेच्या कार्यक्रमासाठी पाहुण्यांसमोर नाच बसवाल का, अशी विचारणा झाली. हेतू चांगला आहे, म्हणून उत्तर नीट द्यायला हवं.

फिलिपिन्समधल्या सेबूच्या कारागृहातली चित्रफीत २००७ मध्ये जगभर गाजली. सुमारे दीड हजार कैदी नारिंगी गणवेशात एका तालावर नाचताहेत. पुढे ते पाहायला पर्यटक येऊ लागले. एवढी माणसं एका वेळी हात वर करताना पाहून मला आनंद होत नाही. कवायत आणि नाच यांतला फरक तिथे बाहेरच्याला दिसेनासा होतो. दुसरीकडे, त्याच वर्षी अलोकानंदा रॉय यांनी कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कारागृहात काम सुरू केलं. वाल्मीकीच्या कथेवरचं रवींद्रनाथांचं गीतनाट्य कैद्यांनी बसवलं आणि तुरुंगाबाहेरच्या रंगमंचावर जाऊन केलं. दरोडेखोराचा कवी होतो ती कथा त्यांनी स्वतःच्या अंगाने सांगितली. त्या प्रयोगांनी प्रेक्षकही बदलले. तेव्हा प्रयोग करूच नये असं माझं मत नाही. कोण ठरवतं, एवढंच पाहायचं.

म्हणून बायकांना विचारलं. बऱ्याच बोलण्यानंतर त्यांचं ठरलं: पाहुण्यांसमोर नाही, ओळखीचं कुणी पाहिलं, फोटो काढला तर गावात तोंड दाखवायची चोरी. पण घरची माणसं येणार असतील तर फेर धरायचा, आणि त्यांनाही फेरात घ्यायचं. तसं लेखी कळवलं. अधीक्षकांनी मान्य केलं, याबद्दल त्यांचे आभार.

१४ ऑक्टोबर

वेणीची पहिली खेप बाहेर गेली. मावशींनी निम्म्या वाद्या उकलायला लावल्या. ताण सारखा नव्हता.

११ नोव्हेंबर

एक जण जामिनावर सुटली आणि आज कोल्हापुरातल्या कामाच्या जागी आली. कायद्यानुसार याआधी कधी दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याला कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ झाला की सोडता येतं, मरणाची किंवा जन्मठेपेची शिक्षा असलेले गुन्हे वगळून. तिचा तो काळ कधीच उलटला होता. जामीन राहायला माणूस नव्हता.

आता कागदांचा डोंगर. आधार आहे, पण पत्ता सासरचा, आणि तिथे ती जाऊ शकत नाही. रेशनकार्डावरून नाव कमी केलंय. बँकेचं खातं निष्क्रिय. २०२३ मध्ये सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत चर्मकाम हे अठरा व्यवसायांपैकी एक. अवजारांसाठी पंधरा हजार, प्रशिक्षणात रोज पाचशे रुपये, कमी व्याजाचं कर्ज. तिला हे सगळं उपयोगी पडलं असतं. पण एका कुटुंबातून एकच जण, आणि लेखी कुटुंब म्हणजे अजून नवराच. त्याने गवंडीकामासाठी आधीच नोंदणी केलीय. ज्या घरातून ती निघाली, त्या घराने तिची जागाही घेतली.

हे लिहिताना मला संताप येतो आणि तो यावा. एका ओळीच्या दुरुस्तीने सुटण्यासारखं आहे: वेगळी राहणारी, कारागृहातून सुटलेली बाई स्वतंत्र कुटुंब मानावी.

१८ नोव्हेंबर

ती रोज येते. वेणी सुरेख घालते, ताण एकसारखा. पण पहिले काही दिवस पाणी प्यायला उठायच्या आधी ती परवानगी मागायची. दार वाजलं की उभी राहायची. कामावरच्या इतर बायका सुरुवातीला थोडं अंतर ठेवून होत्या. कोण, कुठली, काय केलंस, असं कुणी विचारलं नाही, पण बोललंही नाही.

मावशींनी एक गोष्ट आपणहून सुरू केली. आत येताना त्यांनी आमचं सत्र पाहिलं होतं. दुपारच्या जेवणानंतर त्या सगळ्यांना उठवतात, मान, खांदे, मनगटं मोकळी करायला लावतात आणि मग दोन फेर. दिवसभर मांडी घालून, मान वाकवून काम करणाऱ्या बायकांची पाठ आणि मनगटं लवकर जातात. त्यांनाही ते हवंच होतं. या फेरात ती नवी नाही, कारण पावलं तिला येतात. उलट इतरांना तीच दाखवते.

आमचे सहकारी हे पाहून म्हणाले, अहवालात याला ‘कारागिरांचं आरोग्य आणि कौशल्यवृद्धी’ म्हणून जागा मिळेल. मिळू दे. कुठल्याही नावाने मिळू दे.

१२ डिसेंबर

लिडकॉम आणि लिडकार ही महाराष्ट्र आणि कर्नाटक सरकारांची चर्मोद्योग महामंडळं आणि प्राडा यांच्यात काल सामंजस्य करार झाला. महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारागिरांकडून दोन हजार जोड. ही आनंदाची बातमी आहे, मी मनापासून मानते. आता विचारायचं ते एवढंच: दर ठरताना वेणीचा दर वेगळा लिहिला जाणार का, आणि प्रशिक्षणाच्या यादीत घरून काम करणाऱ्या बायका येणार का. दोन्ही प्रश्न आजच पत्रानं पाठवले.

२० जानेवारी २०२६

सविस्तर प्रकल्प अहवालाचा मसुदा शेरे मारून परत आला. आमच्या परिच्छेदावर शेरा: “सुटलेल्या महिला हा लाभार्थी गट योजनेत नमूद नाही.” बरोबर आहे, नमूद नाही. पण वगळलेलाही नाही. सहकाऱ्यांनी सुधारून लिहिलेला मजकूर असा:

“सामाईक सुविधा केंद्रातील वेणी व जोडकाम विभागात स्वतंत्र घटक नोंदणी नसलेल्या महिला कारागिरांसाठी जागा राखीव राहतील. यांत एकल महिला, स्थलांतरित महिला व कारागृहातून सुटलेल्या महिलांचा समावेश असेल. प्रवेशासाठी कामाचा नमुना हाच निकष राहील. पूर्वइतिहासाची नोंद केंद्राच्या कोणत्याही कागदावर केली जाणार नाही. मोबदला नगावर, समूहाने जाहीर केलेल्या एकाच दराने दिला जाईल. रोजच्या कामाच्या वेळेत शरीर-हालचालीचे अर्ध्या तासाचे सत्र घेतले जाईल व तो वेळ पगारी धरला जाईल.”

पूर्वइतिहासाबद्दलचं वाक्य काढा, असं तोंडी सुचवलं गेलंय. काढणार नाही. त्या वाक्याशिवाय बाकीच्या परिच्छेदाचा तिला उपयोग नाही.

आत तिळगूळ वाटून झाला. फेब्रुवारीत दोघींच्या तारखा आहेत, त्यातली एक ती पारधी मुलगी. तिला वेणी आवडत नाही, कातडं कापण्यात रस आहे, आणि ते आत शिकवता येत नाही. मावशींशी बोलले, सुटल्यावर रापीचं काम त्या स्वतः शिकवतील. तिच्या जामिनासाठी विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज या आठवड्यात द्यायचा, खोलीची व्यवस्था त्याआधी. पुढच्या सत्रात बसफुगडी, आजींच्या गुडघ्यांना झेपेल एवढीच.